तिकीट सगळ्यात शेवटी: टूर कंपनीशिवाय कुटुंबाला परदेशी नेताना कामांचा क्रम

लातूर, नांदेड, जालना, परभणीकडची बरीच कुटुंबं आता टूर कंपनीची टोपी न घालता, स्वतःच्या हिमतीवर थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, बालीला जाऊ लागली आहेत. त्यातली बहुतेक एकाच जागी अडकतात. सेलमधलं स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते काढायचं, मग पासपोर्ट शोधायचे, मग व्हिसाचं वाचायचं. तिथला पाऊस तर उतरल्यावरच कळतो. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून पुढचे सगळे निर्णय त्या एका तारखेच्या मागं फरफटत जातात.

खालचा क्रम नवरा-बायको, दोन लेकरं आणि सोबत आजी-आजोबा असं घर डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. हातात निदान चार महिने ठेवा. व्हिसाचे नियम आणि फी बदलत राहतात, त्यामुळं अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघायचंच.

## १. सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा जुळवा

हे काम पासपोर्टच्याही आधीचं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ हेच खातं. आपल्याकडं एकाच बाईचं आधारवर सासरचं नाव असतं, दहावीच्या सनदेवर माहेरचं आणि पॅनवर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आजोबांचं तर विचारू नका: शाळेत गुरुजींनी लिहिलेली १ जून, आधारवाल्यानं टाकलेली १ जानेवारी आणि मतदार यादीत नुसतंच वय.

एका मोठ्या कागदावर प्रत्येकाची ओळ आखा. आधार, पॅन, टीसी किंवा सनद, मतदार ओळखपत्र यांवरचं नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशी, इंग्रजी स्पेलिंगसकट, शेजारी शेजारी लिहा. मग प्रत्येकाचं एकच नाव आणि एकच स्पेलिंग पक्कं करा. सनदेवरचं बदलणं सगळ्यात किचकट, म्हणून शक्य तिथं बाकीचे कागद सनदेप्रमाणं करून घ्या.

लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आधी काढा. लग्नपत्रिका आणि फोटो असले तरी नोंदणीच न केलेली जोडपी गावोगाव आहेत. ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकराला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो, हेही ध्यानात ठेवा.

पासपोर्टच्या अर्जात नावाचे दोन रकाने असतात. ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ‘सरनेम’मध्ये फक्त आडनाव. काही जण तिन्ही नावं पहिल्या रकान्यात भरून दुसरा रिकामा सोडतात, तर काही जण नुसतं पहिलं नाव देऊन मोकळे होतात. पुढं विमानाच्या तिकिटाचा फॉर्म आडनावाशिवाय पुढं सरकत नाही. शिवाय संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर येऊ देणं बंद केलं आहे. दुबई बघायची नसेल तरी हा रकाना रिकामा सोडू नका.

तपासा: लेकराच्या पासपोर्टवर आई-वडिलांची नावं येतात. ती तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत.

## २. पासपोर्ट

मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी मोठ्या पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे. अर्ज मात्र ऑनलाइन, आणि फक्त सरकारी ‘पासपोर्ट सेवा’ संकेतस्थळावर. तशाच नावाची, तशाच रंगाची खासगी संकेतस्थळं वरती दिसतात. पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर बाहेर पडा.

मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, १८ वर्षांखालच्यांची १,०००. आठ वर्षांखालच्या आणि साठीपुढच्या व्यक्तींना नव्या अर्जात दहा टक्के सूट मिळते. तत्काळला वर २,००० जातात, म्हणून आधीच सुरुवात करा. लेकरांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि त्यासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं जोडपत्र ‘डी’ लागतं.

पोलीस पडताळणीत घोळ होतो तो पत्त्याचा. आधार गावचं, राहणं संभाजीनगरला, आणि पोलीस गावात येऊन विचारतात तेव्हा दाराला कुलूप. जिथं खरंच राहता तोच पत्ता द्या.

आजी-आजोबांच्या बाबतीत ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) या शब्दाची भीती घातली जाते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर हा शेरा येतो आणि तो नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना, १८ खालच्या मुलांना आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना त्यातून सूट आहे. अर्जात योग्य पर्याय निवडला की झालं. शेरा असला तरी फिरायला जायला त्याची आडकाठी नसते. एजंट या कामाचे पैसे मागत असेल तर एजंट बदला.

सावधान: पासपोर्ट आधीच असेल तर मुदत बघा. बहुतेक देशांना तिथं पोचायच्या दिवसापासून पुढं सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं लागतात. पाच वर्षांची मुदत संपत आलेला लेकराचा पासपोर्ट सगळ्या घराला विमानतळावर बसवून ठेवतो.

पासपोर्ट हातात यायच्या आत सराव हवा असेल तर नेपाळ आणि भूतान आहेत. भारतीयांना दोन्हीकडं व्हिसा लागत नाही, मोठ्यांचं मतदार ओळखपत्र चालतं. भूतानमध्ये मात्र दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. सहा जणांच्या घरानं आधी गुणाकार करावा.

## ३. आधी सुट्टी, मग ऋतू, मग देश

घरात शेती असेल तर मोकळा काळ ठरलेला आहे: रब्बीची रास घरात आल्यावर आणि मृगाच्या आत. लेकरांच्या शाळेचंही तेच. दुसरी संधी दिवाळीची, पण तेव्हा सोयाबीन आणि कापूस सोडून निघणं जमतंय का ते बघा. तारखा अशा बांधलेल्या असतील तर देश त्यांच्या मापाचा निवडावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये बालीत कोरडा ऋतू सुरू झालेला असतो, तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. मध्य व्हिएतनाम, म्हणजे दा नांग आणि होई आन, तेव्हा कोरडं असतं, पण ऊन आपल्यासारखंच. उत्तर थायलंडमध्ये, चियांग माईकडं, फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर भरून राहतो; दम्याचं माणूस सोबत असेल तर तिकडं नकोच. १३ ते १५ एप्रिल थायलंडचा नववर्षाचा सण सोंगक्रान, तर एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची रांग. त्या दिवसांत खोल्या महाग आणि गाड्या भरलेल्या.

दिवाळीत नेमकं उलटं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात पूर येतात आणि होई आनच्या गल्ल्यांतून होड्या चालतात. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावर असतो, तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा चांगला.

देश ठरला की शहरं कमी करा. दहा दिवसांत पाच शहरं ही टूर कंपनीची सवय आहे. त्यांच्याकडं बस असते, तुमच्याकडं आजीच्या गुडघ्यांसकट सहा बॅगा. एका ठिकाणी निदान तीन रात्री, दहा दिवसांत जास्तीत जास्त तीन मुक्काम.

## ४. व्हिसा

तीन प्रकार आहेत. थायलंड, मलेशियासारखे देश भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय येऊ देतात, पण ऑनलाइन आगमनपत्र आधी भरावं लागतं. थायलंडनं ते १ मे २०२५ पासून सक्तीचं केलं असून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजा.

दुसरा प्रकार ई-व्हिसाचा. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर आणि मुदत ९० दिवसांपर्यंत. दर डोई वेगळा अर्ज, तान्ह्या लेकराचासुद्धा. इथली चूक तारखेची असते. तुमचं विमान ११ तारखेला पहाटे उतरणार असेल आणि व्हिसा १२ पासूनचा असेल, तर विमान कंपनी मुंबईतच थांबवते.

तिसरा प्रकार खरा कस बघतो: शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडं करायचा. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याकडं केला की नकार येऊ शकतो. बोटांचे ठसे द्यायला बाहेरगावी जावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. व्हिसा मिळायच्या आधी तिकीट विकत घेऊ नका. जागा राखून ठेवल्याचा कागद किंवा रद्द करता येणारं बुकिंग पुरतं.

शेतकरी घरांचे अर्ज उत्पन्नाच्या कागदांवर लटकतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं रिटर्नवर आकडा नाही. आणि बँकेत अर्जाच्या आठवड्यात अचानक पाच लाख जमा. वकिलातीला हे पैसे उसने आणलेले वाटतात. त्याऐवजी असं करा:

- मोंढ्यातली आडत्याची पट्टी आणि साखर कारखान्याचं बिल जपून ठेवा. विक्रीची रक्कम रोखीत न घेता खात्यावर घ्या. मागचे सहा महिने खातं हलतं दिसलं पाहिजे.
- सातबारा आणि आठ-अ काढून त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि नोटरी करा.
- शेतीचं उत्पन्न असलं तरी रिटर्न भरा आणि ते उत्पन्न त्यात दाखवा.
- जिल्हा परिषदेतली किंवा अनुदानित शाळेतली नोकरी असेल तर परदेशी जाण्याची परवानगी आणि रजा मंजुरीचं पत्र आधी मागा. ही फाइल टेबलावरून टेबलावर जाते. व्हिसापेक्षा जास्त दिवस लागू शकतात.
- एका पानाचं साधं पत्र जोडा: कोण कोण, कुठल्या तारखांना, कुठं, खर्च कोण करणार, परत कशासाठी येणार. शाळा कधी सुरू होते आणि पेरणी कधी, ही परत येण्याची खरी कारणं आहेत. ती लिहा.

सावधान: लेकरू आई-वडिलांपैकी एकासोबत किंवा फक्त आजी-आजोबांसोबत जाणार असेल तर न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत ठेवा.

## ५. आता तिकीट

मुंबई हाच एक रस्ता नाही. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांना हैदराबादचं शमशाबाद विमानतळ मुंबईपेक्षा बरंच जवळ. जालना-संभाजीनगरकरांना जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत मोकळा झाला आहे. दोन्ही ठिकाणची भाडी घरून विमानतळापर्यंतच्या खर्चासकट तोलून बघा. मुंबई धरलीच तर तिकिटावर कुठला विमानतळ लिहिला आहे ते नीट वाचा, आता नवी मुंबईतही विमानं उतरू लागली आहेत.

देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच दुपारचं विमान धरायचा बेत करू नका. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी थांबली की तिकीट गेलं. आदल्या दिवशी पोचा.

तारखेची एक फसगत नेहमीची आहे. तिकिटावर ‘१० मे, ००:४०’ असं असेल तर घरातून ९ तारखेलाच निघायचं असतं. १० च्या रात्री पोचलेल्यांचं विमान आदल्या रात्रीच उडालेलं असतं.

मधे बदलायचं विमान असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही. बँकॉकसारख्या शहरात तर सुवर्णभूमी आणि दोन मुआंग असे दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत.

तपासा: पैसे भरायच्या आधी एकानं पासपोर्टवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पडद्यावरचं अक्षर अक्षर बघायचं. सहाही जणांचं.

## ६. पैसा आणि विमा

एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येतं. इतकं नेऊही नका. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, परकीय चलन भरलेलं एक फॉरेक्स कार्ड, थोडे डॉलर अशी विभागणी करा आणि ती दोन माणसांकडं ठेवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या. कंबोडियासारख्या ठिकाणी जराशी फाटलेली नोटही परत देतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी सुमारे २२० बाट कापले जातात, म्हणून सारखे थोडे थोडे पैसे काढू नका.

दुकानातलं यंत्र किंवा एटीएम विचारतं: रुपयात भरायचे की तिथल्या चलनात? रुपये बघून हायसं वाटतं, पण तो दर यंत्रवाल्याचा असतो आणि महाग असतो. नेहमी तिथलं चलन निवडा. नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशसमध्ये काही ठिकाणी यूपीआय चालतं, तरी त्याच्या भरवशावर खिसा रिकामा ठेवू नका.

विमा घेताना आजोबांची साखर आणि रक्तदाब लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. स्कूटर भाड्यानं घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. मात्र भारताचा हा परवाना व्हिएतनाममध्ये ग्राह्य नाही. तिथं सगळे चालवतात हे खरं, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

## ७. बॅग आणि शिदोरी

कपड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जे काढलंय त्यातलं एक तृतीयांश घरी ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

खाण्याचं मात्र नीट वाचा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेता येत नाहीत, त्यात तेल असल्यानं ज्वालाग्राही धरतात. लाल तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही. लोणचं आणि ठेचा १०० मिलिलिटरच्या नियमात अडकतात, म्हणून मोठ्या बॅगेत आणि तेही दोन पिशव्यांत. खसखस हा सगळ्यात गंभीर मामला. दिवाळीचे अनारसे प्रेमानं बांधून देणाऱ्या मावशीला सांगा की अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी तुरुंगवास होऊ शकतो. मसाल्यातही ती असते. सिंगापूरला गुटखा आणि तंबाखूची पुडीही नको. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच.

जे बिनघोर नेता येतं ते आपल्याकडं भरपूर आहे: पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ). हॉटेलच्या किटलीतलं उकळतं पाणी येसरावर ओतलं की भातासोबत कोरड्यास, म्हणजे कालवण, म्हणून उपयोगी पडतं. मसाल्यात खसखस मात्र घालू नका.

माळकरी किंवा शाकाहारी माणसांसाठी ‘नो मीट’ म्हणणं पुरत नाही, कारण थाई आणि व्हिएतनामी स्वयंपाकात माशाचा सॉस आणि जपानमध्ये माशाचं पाणी मिठासारखं वापरतात. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध शाकाहार पाळतात, तेव्हा अशा खानावळी भरभरून चालतात. थायलंडमध्ये पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरात ‘जे’ची खूण असते, त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव. कोडीनचं खोकल्याचं औषध अमिरातीत आणि सर्दीच्या काही गोळ्या जपानमध्ये अडचणीत आणतात.

## ८. उतरल्यावरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी काहीही बघायला जाऊ नका. विमानतळावर सिम घ्या, थोडे पैसे काढा, मुक्कामी पोचा, झोपा. ‘ग्रॅब’ हे टॅक्सीचं ॲप भारतात असतानाच सुरू करून ठेवा, ओटीपी आपल्या नंबरवर येतो. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून लेकरांच्याही खिशात ठेवा.

रीतिभाती थोड्याच, पण मोडल्या तर महागात. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढणं हा अपमान धरतात आणि त्यावरून पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. आपल्याकडून धम्मयात्रेच्या भावनेनं जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. लेण्यांत सेल्फी काढायची सवय तिथं चालत नाही. थायलंडमध्ये बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायचा नसतो आणि राजाबद्दल चेष्टा तर कायद्यानं गुन्हा आहे. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आजीची नऊवारी इथं सगळ्यात निर्धास्त.

## ९. पासपोर्ट हरवला तर

प्रत्येकाच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या छायाप्रती दुसऱ्याच्या बॅगेत, शिवाय मेलवर. हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तातडीनं हवा असेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. त्याच्यावर पुढच्या देशात जाता येत नाही, आणि काही देशांत बाहेर पडायला वेगळा परवानाही लागतो. म्हणून घरातल्या एकाचा पासपोर्ट गेला तर पुढचे मुक्काम कोण करणार आणि त्या माणसासोबत कोण परतणार, हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा. हरवलेला पासपोर्ट लेकराचा असेल तर त्याच्यासोबत एक पालक परत येणार हे धरूनच चला.